परक्या मुलाचं तेरावं

समजा, तुम्हाला सुकेळीचा पुडा बांधायचा आहे. पिकलेली राजेळी केळी सोलून तुम्ही रोज उन्हात मांडलीत, तिन्हीसांजेला आत घेतलीत. आता मधाच्या रंगाची ती केळी सुक्या केळीच्या पानात घट्ट गुंडाळायची आणि वर केळीच्या खोडाच्या सोपटाची दोरी आवळायची. सोपट कोरडं असलं तर तुटतं, फार ओलं असलं तर मागाहून सैल पडतं. गाठ मात्र तुमची तुम्हालाच मारावी लागेल, कारण ती प्रत्येक हाताची वेगळी पडते. वटार गावच्या नर्मदाबाई डावखुऱ्या. त्यांची गाठ उलटी वळते.

त्यांचा मुलगा स्वरूप समुद्रातल्या तेलविहिरींवर वेल्डर होता. महिनोन्‌महिने तिथल्याच बार्जवर, कामगारांच्या तरंगत्या वस्तीवर, राहायचा. शेवटच्या खेपेला त्या पुडे भरत होत्या, तेव्हा सून अक्षया हसली होती.

"आई, बार्जवर कँटीन असतं. उपाशी नाही मरत तुमचा मुलगा."

"कँटीनची केळी तुझ्या सासऱ्यांनी लावलीत का गं?"

"भर गं आई," स्वरूप म्हणाला. "नाहीतरी अर्धे माझ्या खोलीतला तो शत्रुघ्नच संपवतो. तिकडे उत्तरेतल्या बलियाचा आहे, पण आता तुझ्याच हातचं मागतो."

त्या मे महिन्यातल्या चक्रीवादळात बार्ज बुडाली.

मुंबईच्या शवागारात चेहऱ्यावरून ओळखावं असं काही उरलं नव्हतं. स्वरूपचे वडील दयारामभाऊ प्रत्येक देहापाशी थांबायचे आणि मान हलवून पुढे जायचे. नर्मदाबाई एकापाशी थांबल्या त्या हलल्याच नाहीत. अंगावरच्या बॉयलर सूटच्या चेनच्या खिशातून निघालेल्या वस्तू तिथे एका पिशवीत ठेवल्या होत्या. त्यात भिजून काळा पडलेला एक पुडा होता. गाठ उलटी.

"हाच," त्या म्हणाल्या. "माझ्या हातची गाठ आहे ही."

आईच्या शब्दावर कोण शंका घेणार? नियम म्हणून आईबापांच्या रक्ताचे नमुने घेतले आणि देह ताब्यात दिला. दयारामभाऊंनी गावच्या स्मशानात अग्नी दिला. अस्थी नाशिकला गेल्या, कारण समुद्राचं नावसुद्धा नर्मदाबाईंना नको होतं. दहाव्याला कावळा चटकन शिवला, तेव्हा त्यांना वाटलं, पोराचं मन कशात अडकलं नाही.

तेराव्यानंतर डीएनएचा अहवाल आला. तो स्वरूप नव्हता. बलियाहून आलेल्या नमुन्याशी तो जुळला होता. तो शत्रुघ्न होता.

स्वरूप कुठेच नव्हता. अक्षयाने काढलेलं मंगळसूत्र परत घालायचं की नाही, हे भटजींनाही सांगता येईना. "मी विधवा आहे का, हे आता प्रयोगशाळेलाच विचारा," ती म्हणाली. दुसऱ्या महिन्यात तिने जवळच्या एव्हरशाईन सिटीतल्या एका दवाखान्यात नोकरी धरली. नर्मदाबाईंनी राजेळीचे घड झाडावरच पिकू दिले, पाखरांनी खाल्ले.

मग बलियाहून शत्रुघ्नचा मोठा भाऊ आला. ओसरीवर अवघडून बसला.

"आग किसने दी, माताजी?"

नर्मदाबाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. त्याने उठून दयारामभाऊंचे पाय धरले. "हम तो मुँह भी नहीं देख पाए. आपने बेटा समझ के सब किया."

दयारामभाऊ रडले. नर्मदाबाईंचे डोळे कोरडे राहिले. तो गेल्यावर त्या अक्षयाला म्हणाल्या, "त्याला निदान रडायला जागा मिळाली."

बार्ज बुडाल्याचा दिवस आता वर्षातून एकदा बातम्यांत येतो. स्वरूपची शोधमोहीम केव्हाच थांबली आहे. आप्त सांगतात, देहाऐवजी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे विधी उरकून घ्या. अक्षयालाही ते पटतं. "मला नुसतं एकदा काय ते ठरवायचंय, आई," ती म्हणते. नर्मदाबाई नाही म्हणत नाहीत आणि हो म्हणत नाहीत.

परवा भाजी निवडता निवडता त्यांनी सुनेला विचारलं, "पहिल्या दिवशी जे देह घरच्यांनी लगेच नेले, त्यांची सगळ्यांची तपासणी झाली होती का गं?"

"नियम होता, पण त्या घाईत नसेल झाली सगळ्यांची. का?"

नर्मदाबाईंनी हातातली मेथी खाली ठेवली.

"मी चुकले तशी आणखी कुठली आई चुकली असेल का?"