मागे राहायचा टेम्पो

माजी विद्यार्थ्यांच्या समितीने स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. विषयही त्यांनीच ठरवून दिला: बहात्तराव्या वर्षी सायकलवरून पन्नास किलोमीटर, एक प्रेरणादायी अनुभव. शब्दमर्यादा कळवली, फोटो पाठवा म्हणाले आणि तीन दिवसांत चार वेळा फोन केला. चौथ्या फोनला मी वैतागून 'लिहितो' म्हणालो. म्हणून लिहितो आहे. यात प्रेरणादायी काही नाही, आणि पन्नास किलोमीटरही नाहीत. छापायचं की नाही ते समितीने ठरवावं. पण काटछाट करून छापायचं असेल तर मुळीच छापू नये.

मी सोनपेठच्या एका शाळेत मुख्याध्यापक होतो. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. हा लेख ज्यांच्याबद्दल आहे ते त्याच शाळेत शिपाई होते. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची, मीही मामाच म्हणतो. माझ्याहून ते दोन-तीन वर्षांनी मोठे असावेत. कागदावर मात्र लहान आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने एक जून लिहून टाकला आणि तोच त्यांचा जन्म ठरला.

समितीने गेल्या वर्षी काढलेल्या सायकलफेरीची कल्पना चांगली होती, हे आधी मान्य करतो. आमच्या भागात आठवीनंतरची शाळा पुष्कळ मुलींना गावाबाहेर पडते. एसटीची वेळ जुळत नाही, मग चालत जायचं, आणि चालून कंटाळा आला की घरचे म्हणतात, पुरे झाली शाळा. अशा मुलींना सायकली द्यायच्या. त्यासाठी सोनपेठहून गंगाखेडमार्गे राणीसावरगावपर्यंत सायकल चालवत जायचं आणि वाटेत देणग्या गोळा करायच्या. राणीसावरगावच का, तर समितीच्या अध्यक्षांचं गाव ते. नियम असा होता की जो सगळं अंतर सायकलवर पूर्ण करेल, त्याचं नाव माइकवरून पुकारायचं आणि त्याने एका मुलीच्या हातात सायकल द्यायची.

हा नियम ऐकूनच मामा माझ्या घरी आले होते. त्यांची लेक राणीसावरगावात दिलेली आहे, आणि आठवीतल्या नातीचं नाव सायकलींच्या यादीत होतं.

"सर, माझं नाव लिवायला लावा त्या यादीत. समितीच्या पोरायला म्हणलो तर हसायलेत."

"हसायलेत म्हणजे?"

"म्हणतेत, मामा तुमी घंटा वाजवा सुरुवातीला. तुमाला सायकल कशाला."

त्यांचं नाव लिहून घ्यायला मी लावलं. ते लिहून घेताना समितीच्या चिटणिसाने माझंही नाव लिहून टाकलं, कारण त्यांना एक 'ज्येष्ठ सायकलस्वार' हवा होता आणि आधार कार्डाप्रमाणे तो मी निघालो. मी नाही म्हणायला हवं होतं. वीस वर्षांत सायकलला पाय लावला नव्हता. पण छापील पत्रिकेत नाव आलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडलं होतं.

मग घरात तयारीच्या नावाखाली जे सुरू झालं त्याने जीव नकोसा झाला. मुलाने पुण्याहून गिअरची सायकल पाठवली. सुनेने गुडघ्यांचे पट्टे आणले. हिने डॉक्टरांकडे नेऊन माझ्यासमोर डॉक्टरांना विचारलं, "हे पडले तर हाड जुळेल का या वयात?" समितीचा टी-शर्ट आला तो माझ्यासारखे दोघं मावतील एवढा. हेल्मेट डोक्यावर बसायचं, पण चष्म्याच्या काड्या कानात रुतवायचं.

रोज सकाळी मामा दारात हजर. त्यांची जुनी काळी सायकल, तीच, जिच्यावरून त्यांनी नोकरीभर शाळेचं टपाल नेलं. आम्ही गंगाखेड रस्त्याला लागायचो. मी गिअर बदलायचो आणि साखळी निसटायची.

"सर, तुमी त्याला हात लावू नका," मामा साखळी बसवत म्हणायचे. "ते तुमाला कळंना अन् तुमी त्याला कळंना."

मी दमलो की मामांचं काहीतरी निघायचं. कधी चप्पल सुटायची, कधी घंटी ढिली व्हायची. ते खाली उतरून काहीतरी करत बसायचे आणि मी श्वास घ्यायचो. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्या सायकलला घंटीच नाही. मला राग आला. माणसाने आपल्याला सांभाळून घ्यावं आणि आपल्याला ते कळू नये, याचा राग. मी म्हणालो, "मामा, नाटकं नका करू."

"नाटक कसलं सर. या रस्त्यानं तीस वर्षं तुमच्या चिठ्ठ्या नेल्यात. मला कुठं घाई हाय."

हेही खरं होतं. एकदा फक्त शाईचं पॅड संपलं म्हणून मी त्यांना उन्हात गंगाखेडला पिटाळलं होतं. दुसऱ्या दिवशी एसटीने येणाऱ्या शिक्षकाला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

फेरीचा दिवस जानेवारीतला. सकाळी सात ही वेळ होती. पाहुणे साडेआठला आले. भाषणं झाली. निघालो तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. पस्तीस-चाळीस सायकली आणि एक टेम्पो. टेम्पोचं काम समितीने पत्रिकेतच छापलं होतं: शेवटच्या सायकलच्या मागे राहायचं, पाणी, हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान घेऊन. हे मी मुद्दाम पुन्हा लिहितो. टेम्पोने मागे राहायचं होतं.

पहिल्या गावात सत्कार झाला. शाल, नारळ आणि फेटा. फेट्यावर हेल्मेट बसेना, म्हणून हेल्मेट हँडलला अडकवलं. दुसऱ्या गावात पुन्हा शाल, पुन्हा नारळ, आणि फेटा असूनही दुसरा फेटा, कारण पहिला त्या गावचा होता. प्रत्येक ठिकाणी सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, आणि प्रत्येकाला 'दोन शब्द' बोलायचे. तरुण पोरं सायकली घेऊन पुढे निघून जायची. ज्येष्ठ सायकलस्वार म्हणून मला मात्र सत्कार संपेपर्यंत खुर्चीत बसावं लागायचं. तिसऱ्या गावात मी चिटणिसाला म्हणालो, "अरे, मी सायकल चालवायला आलोय का शाली गोळा करायला?"

तो म्हणाला, "सर, पुढच्या गावात लोक दोन तासांपासून थांबलेत. तुमी असं करा, तेवढं टेम्पोत बसा. सत्कार उरकला की परत सायकलवर."

मी बसलो. तीन किलोमीटर, म्हटलं, काय बिघडतं. गावाच्या वेशीआधी टेम्पो थांबला, माझी सायकल खाली उतरवली, आणि हलगीच्या आवाजात मी सायकलवर गावात शिरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मी मान हलवून नमस्कार करत होतो.

पुढच्या गावाला तेच. गंगाखेडच्या आधी तेच. नंतर कुणी विचारायचंही थांबलं. सायकल टेम्पोत चढायची, मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचो, मांडीवर नारळांची पिशवी. आणि मागे राहायचा टेम्पो माझ्यासाठी सगळ्यांच्या पुढे धावायचा.

गंगाखेड सोडलं की राणीसावरगावकडे रस्ता डोंगराला लागतो. चढ मोठा नाही, पण संपत नाही. गंगाखेडचा सत्कार लांबला होता, त्यामुळे सगळे सायकलस्वार आमच्या पुढे गेलेले. चढाच्या मध्यावर आम्ही मामांना गाठलं. ते सायकल हाताने ओढत चालले होते. मागचं चाक बसलेलं मला दिसलं. टेम्पो जवळ आला तसा त्यांनी हात वर केला.

तो हात त्यांनी नमस्कारासाठी केला असं मी समजलो. नाही, तसा समज मी करून घेतला. तीस वर्षं रोज सकाळी मला पाहून ते तसाच हात वर करायचे. पंप माझ्या पाठीमागे होता. पंक्चरचा डबा माझ्या पायाशी होता, पाय ठेवायला बरा पडत होता. ड्रायव्हरने विचारलं, "थांबायचं का सर?" मागे बसलेला चिटणीस म्हणाला, "पाहुणे मंडपात येऊन बसलेत." मीही त्यांना हात केला. टेम्पो गेला.

राणीसावरगावात मंडप सजलेला होता. शाळेच्या अलीकडच्या वळणावर मला सायकल दिली. दोनशे पावलं चालवून मी मंडपात पोहोचलो. निवेदकाने माझ्या वयाचा आकडा तीनदा सांगितला आणि म्हणाला की सरांनी एकदाही सायकलवरून पाय खाली टेकवला नाही. लोक उभे राहिले. मीही उभाच होतो, त्यामुळे मला काही करावं लागलं नाही.

सायकली द्यायला सुरुवात झाली. पहिली माझ्या हाताने. पुकारलेली मुलगी वर आली, दोन वेण्या, निळी ओढणी. तिने सायकलचं हँडल धरलं आणि फोटोवाला 'इकडं बघा' म्हणत असताना हळूच विचारलं, "सर, आमचे आजोबा यायलेत ना?"

मला तेव्हा कळलं ती कोण आहे ते. 'येतील, मागं आहेत' एवढं मी म्हणालो. माइक माझ्यापासून एका हातावर होता. ही सायकल देणारा माणूस अजून रस्त्यात आहे, थोडं थांबा, एवढं म्हणायचं होतं. फोटोत मी हसतो आहे. तोच फोटो वर्तमानपत्रात आला, आणि तोच समितीला आता स्मरणिकेसाठी हवा आहे.

मामा आले तेव्हा मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते. उशीर एवढा का झाला हे कुणी विचारलं नाही. नात मात्र गेली नव्हती, नव्या सायकलवर टेकून फाटकापाशी उभी होती. समितीच्या यादीत मामांच्या नावासमोर लिहिलं गेलं: 'अपूर्ण. काही अंतर चालत.' माझ्या नावासमोर 'पूर्ण' आणि एक चांदणी.

त्यानंतर मी वर्षभर मामांना टाळत होतो. ते बाजारात दिसले की मी मेडिकलच्या दुकानात शिरायचो. घरात नको तेवढ्या गोळ्या साठल्या. ही म्हणायची, "तुम्हाला नेमकं दुखतंय काय?" परवा लेखाचा चौथा फोन आला, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "मामा, राणीसावरगावला जायचंय. एसटीने. नातीला एक गोष्ट सांगायचीय."

तिच्या घरी गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं, टेम्पो, नारळ, वर केलेला हात, सगळं. मामा खाली बघत होते. पोरीचं तोंड एवढंसं झालं. ती म्हणाली, "मग सायकल परत न्यायला आलात का तुमी?"

"नाही. सायकल तुझीच आहे."

"मग ठीक हाय," ती म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. मग आजोबांकडे वळली. "तुमी का न्हाई सांगितलं आजोबा? मी समद्यायला सांगत होते, आमचे आजोबा चालत आले म्हणून उशीर झाला."

तेव्हा मामा पहिल्यांदा बोलले, तेही नातीशी नाही, माझ्याशी.

"सर, तुमी लिवणार हाय म्हणलात. लिवा. पण मी चालत आलो आसं लिवू नका. पंक्चर झालं तिथून वरच्या फाट्यापस्तोर चालत गेलो, खरं हाय. तिथं दुकानात पंक्चर काढलं. मग सायकलवर बसून परत खाली गेलो, जिथं हवा गेली होती तिथंवर. अन् तिथून पुन्हा चढ चढलो."

मी विचारलं, "परत खाली? कशाला?"

"नियम तसा होता ना. सगळं अंतर सायकलवर." मग ते म्हणाले, "म्हणून उशीर झाला. नायतर उशीर कशाला व्हतोय."

म्हणजे तो चढ त्यांनी दोनदा पार केला, त्यातला एकदा बसलेलं चाक ओढत. मी एकदाही नाही.

समितीला माझं सांगणं एवढंच. यादी दुरुस्त करावी. माझ्या नावासमोरची चांदणी खोडावी आणि तिथे 'बरंचसं टेम्पोत' असं लिहावं. मामांचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ते शाळेच्या जुन्या हजेरीपटातून घ्यावं, पूर्ण घ्यावं, आणि फोटोखाली छापावं. वर्तमानपत्रातला फोटो मी पाठवत नाही. सोबतचा फोटो परवाचा, राणीसावरगावातला आहे. मामा हँडल धरून नातीच्या हातात सायकल देत आहेत. मडगार्डवर चिखल आहे, कारण वर्षभर ती त्याच सायकलवर शाळेला जाते. फोटो मी काढला आहे, जरा हलला आहे. तसाच छापावा.