दोन्ही घरचा चहा

मालतीताई गेल्याचा निरोप मला कोर्टात मिळाला. साक्षीदाराची उलटतपासणी चालू होती, ती तशीच सोडून मी पुढची तारीख मागितली. न्यायाधीशांनी कारण विचारलं. मी नाव सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तारीख दिली. ताईंनी त्यांना शाळेत विज्ञान शिकवलं होतं. मी नेहमी म्हणायचो, ताई, निम्म्या कोल्हापूरला तुम्ही शिकवलंत आणि उरलेल्या निम्म्याविरुद्ध अहवाल लिहिलेत. त्यावर त्या म्हणायच्या, काही नावं दोन्हीकडे आहेत हो वकील...

आणीबाणी उठल्यावर नागरी हक्कांचं काम करणाऱ्या एका देशव्यापी संघटनेची शाखा आमच्याकडे निघाली. शाखा म्हणजे शाहूपुरीतल्या माझ्या कचेरीची मागची खोली, एक टाइपरायटर आणि मालतीताई. कुठे कोठडीत मारहाण झाली, कुठे एखाद्या वस्तीवर बहिष्कार पडला की एसटीनं तिथे जायचं, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि अहवाल लिहून दिल्लीच्या मुख्य कचेरीला नि वर्तमानपत्रांना पाठवायचा. आमच्या हातात ना पोलीस, ना कोर्ट. अहवाल खरा आहे असं लोकांना वाटणं, एवढीच आमची ताकद. म्हणून दिल्लीचा एक कडक नियम होता. चौकशीला गेल्यावर कुणाच्याही घरी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. मी वकील, मला हा नियम फार आवडायचा. ताईंना तर तो पाठच होता.

एकदा नृसिंहवाडीच्या पलीकडच्या एका गावाहून बातमी आली. दलित वस्तीतल्या शंकर नावाच्या तरुणाला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी नेलं आणि आता तो मोडक्या पायानं सरकारी दवाखान्यात, पोलिसांच्या पहाऱ्यात पडून होता. आम्ही आधी ठाण्यात गेलो. फौजदारांनी चहा मागवला, आम्ही नको म्हटलं. ते म्हणाले, पकडायच्या आधीच पळताना कोरड्या विहिरीत पडला, पाय तिथंच मोडला, आम्ही उचलून आणला. मग आम्ही शंकरच्या घरी गेलो. त्याला नेताना पाहणारी एकच व्यक्ती होती, त्याची आई तानूबाई. तिनं घोंगडं अंथरलं, चुलीवर आधण ठेवलं. ताई म्हणाल्या, चहा नको. पाणी? पाणीही नको.

तानूबाई आमच्याकडे बघत राहिली. मग तिनं आधण खाली उतरवलं आणि म्हणाली, "मला काय म्हाईत न्हाय."

त्यानंतर ती एक अक्षर बोलली नाही. पोलिसांना घाबरली असेल, असं मी स्टँडपर्यंत म्हणत होतो. गाडी समोर उभी होती, मी पाय पायरीवर ठेवला, तेवढ्यात त्यांनी माझी बाही धरली. म्हणाल्या, "वकील, आपण आज काय केलं कळलं का? तिला वाटलं, आपण तिच्या हातचं घेत नाही."

मी पायरीवरचा पाय खाली घेतला. आमची आडनावंच अशी की जात विचारायला नको. पिढ्यान्‌पिढ्या त्या दारात नाकारलं गेलेलं पाणी आम्हीही नाकारून आलो होतो, तेही हक्कांच्या नावानं! गाडी सोडून आम्ही उलटे फिरलो. दारातच ताई म्हणाल्या, "मावशी, चुकलं माझं. चहा ठेवा."

"आता कशापायी?"

"तहान लागली म्हणून."

काळा, गुळाचा चहा होता. ताईंनी बशीत ओतून सगळा संपवला. तानूबाईनं कप काढून घेतला, समोर बसली आणि बोलायला लागली. शंकर जेवत होता, हातही धुऊ दिला नाही, जीपपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेला...

बाहेर पडल्यावर मी कपाळाला हात लावला. फिर्यादीच्या घरी चहा प्यायलो, आता या अहवालाला कोण विचारणार? ताई शांतपणे म्हणाल्या, मग फौजदारांचाही प्यायला पाहिजे. आणि खरंच गेल्या की! ठाण्यात चहा आला. बाई चहा घेतायत म्हटल्यावर फौजदार खुलले, पोराबाळांच्या शाळेचं बोलू लागले. मध्येच ताईंनी सहज विचारलं, आणलं तेव्हा पोरानं त्रास दिला का हो?

"कसला तरास? गप चालत आला आणि बसला की हितं बाकड्यावर."

पुढचा घोट फौजदारांना गेला नाही.

अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात ताईंनी लिहिलं, आम्ही दोन्ही ठिकाणी चहा घेतला. मी विरोध केला, दिल्लीनं खुलासा मागितला. एक ओळ बदलायला त्या तयार नव्हत्या. अहवाल छापून आला, वरून चौकशी लागली, फौजदार निलंबित झाले आणि शंकरवरचा खटला काढून घेतला गेला. पाय मात्र अधूच राहिला. त्याच पायानं तो अंत्ययात्रेत पंचगंगेच्या घाटापर्यंत ताईंना खांदा देत आला, कुणाला बदलू दिलं नाही.

त्या अहवालानंतर वर्षानुवर्षं आम्ही गावोगाव गेलो. ताई प्रत्येक दारात मागून चहा प्यायच्या. दुसऱ्या दिवशी मात्र हमखास शाळेत रजा, खोलीचं दार बंद. एसटीचे धक्के सोसत नाहीत या वयात, असं आम्ही धरून चाललो होतो.

दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या धाकट्या बहिणीला भेटायला गेलो. ती स्वयंपाकघरात होती. मी म्हटलं, ताईंच्या आवडीचा, गुळाचा चहा कर, घेतो. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"ताईच्या आवडीचा? अहो, तिला चहा चालायचाच नाही. घोटभर घेतला तरी पित्तानं दोन दिवस डोकं उठायचं. या घरात तिनं कधी कप तोंडाला लावला नाही."