बाहेर जे खाकरले ते

आमच्या पक्षात तिकीट देण्याआधी सेन्स घेतात. बाहेरगावचे तीन निरीक्षक येतात, वॉर्डातल्या कार्यकर्त्यांना एकेक करून आत बोलावतात आणि विचारतात, तुमच्या मते कोण? ऐकलेलं सगळं घेऊन ते वर जातात आणि काही दिवसांनी वरून नाव येतं. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या आमच्या वॉर्डात चार जागा आहेत. त्यांतली एक मराठी माणसाची, असं कुठे लिहिलेलं नाही, पण ते मोडलेलंही मी कधी पाहिलं नाही.

मागच्या निवडणुकीत त्या जागेचं तिकीट माझ्या मिस्टरांच्या हातातून थोडक्यात गेलं. या वेळी सगळा वॉर्ड धरून चालला होता की नाव यांचंच येणार. आणि निवडणुकीला वर्ष-सव्वा वर्ष उरलं असताना हे गेले. कामरेजला एका कार्यकर्त्याच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत वाढता वाढता खाली बसले, ते उठलेच नाहीत. शेजारी भाऊजी होते, भाताची बादली धरून.

भाऊजी म्हणजे यांचे दोस्त. लग्नाआधी दोघं एका खोलीत राहिले, एकाच खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, संचे चालवले आणि पक्षातही बरोबरच आले. दोघंही धुळ्याकडचे, घरात अहिराणी बोलणारे. मी परभणीची. इतकी वर्षं सुरतेत काढली, अहिराणी सगळी कळते, पण तोंडातून निघत नाही. माझी पोरगी तर घरात गुजरातीच बोलते.

थंडी सुरू झाली तसे भाऊजी एका संध्याकाळी घरी आले. खुर्चीत न बसता दाराजवळच्या स्टुलावर बसले. म्हणाले, “वहिनी, तुम्ही उभ्या राहणार असाल तर मी नाव देत नाही. नसाल तर देतो.”

माझ्या मांडीवर साडी होती, तिला लेस लावत होते. मी म्हटलं, मला काय कळतं त्यातलं, तुम्हीच द्या. त्यांनी चहा घेतला, आत जाऊन सासूबाईंच्या पाया पडले आणि गेले. मला मोकळं वाटलं.

चार-आठ दिवसांनी गल्लीतल्या बायका आल्या. त्यांच्यात आक्का होत्या. आक्का वयाने माझ्या आईएवढ्या, माझ्यासारख्याच घरी बसून साड्यांचं काम करणाऱ्या, आणि बूथवर मतदानाच्या दिवशी बायकांना काढून आणायचं काम त्यांच्याकडे. त्या म्हणाल्या, त्याच्या घरातून कोणी उभं नाही राहिलं तर त्याचं नाव पुसलं जाईल. बाकीच्या माना हलवत होत्या. एकीने मला ताई म्हटलं. तोवर मला सगळे वहिनी म्हणायचे. ताई हा शब्द आमच्याकडे पुढारी बायकांसाठी असतो. तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी भाऊजींना फोन लावला आणि सांगितलं की बायका ऐकत नाहीत. पलीकडे संच्यांचा खडखडाट चालू होता. मग ते म्हणाले, “मीही लोकांना सांगून बसलोय. मग आता दोघंही जाऊ. काय ते निरीक्षक बघतील.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

मग मी आक्कांबरोबर गल्ल्या फिरू लागले. ज्या घरात जावं तिथे यांची गोष्ट निघायची. यांनी नळाचं कनेक्शन कसं आणलं, कोणाच्या सुनेला अडचणीच्या वेळी दवाखान्यात कसं पोचवलं, भेस्तानच्या गुजराती शेठशी भांडून कोणाला कामावर परत कसं घेतलं. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. बायका सांगता सांगता रडायच्या, माझे हात धरायच्या, ताई ताई करायच्या. मी पण रडायचे. घरी आले की वाटायचं, आपल्याला ही माणसं सोडणार नाहीत.

पण दुसऱ्या फेरीला रडणं सरलेलं होतं. आता त्याच बायका गटाराचं विचारायच्या, पोरांच्या दाखल्याचं विचारायच्या. मी म्हणायचे, विचारून सांगते. हे तसं कधी म्हणायचे नाहीत. हे तिथल्या तिथे फोन लावायचे, पलीकडून कोणी उचलला नाही तरी मोठ्याने बोलायचे. बायका माझ्याकडे बघता बघता माझ्या मागे बघायच्या. एकदा मी वळूनही पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

मग हळूहळू ताईची पुन्हा वहिनी झाले. आधी एका गल्लीत, मग दुसऱ्या. कोणी तोंडावर नाही म्हणालं नाही. उलट जिथे आधी पाण्याचा ग्लास पुढे यायचा तिथे आता नाश्त्याची बशी यायची. आक्का परतताना म्हणाल्या, इतकी खातिरदारी करतात म्हणजे गेले समज. मला ते तेव्हा पटलं नाही.

भाऊजीही फिरत होते. आमच्या आधी किंवा नंतर, त्याच घरांत. त्यांच्याबद्दल उलटसुलटही बोललं जायचं. दोस्ताची चिता विझली नाही तोच त्याच्या जागेवर बसायला निघाला, असं कोणी म्हणालं की आठवडाभर ती गल्ली माझी असायची. मग तीच माणसं चहाच्या टपरीवर भाऊजींच्या बैठकीत दिसायची. कोणी लबाड नव्हतं. ज्याच्यापुढे बसावं त्याच्याविषयी त्यांना खरंच तसं वाटायचं.

सेन्सच्या थोडं आधी यांचं वर्षश्राद्ध आलं. घरातले विधी सकाळी उरकले. दुपारी समाजाच्या वाडीत, म्हणजे हॉलमध्ये, पक्षाने श्रद्धांजली सभा ठेवली होती. दोन्हीकडचे सगळे आले. बसायला जागा उरली नाही. मी पहिल्या रांगेत, शेजारी सासूबाई. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला त्या तयार नव्हत्या. समोर कोण उभं आहे हे त्या आवाजावरून ओळखायच्या.

कोणाच्या तरी मोबाइलमध्ये यांचं एक जुनं भाषण होतं, ते स्पीकरला लावलं. वर्षभराने मी तो आवाज ऐकत होते. मध्ये वारा लागल्यासारखी खरखर, मागे कुठला तरी हॉर्न, आणि त्यातून हे बोलतायत, पाण्याच्या टाकीविषयी. आख्खा हॉल रडला. मागच्या बायका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, ताई, काळजी करू नका, सगळे तुमच्याच मागे आहेत. मला त्या वेळी वॉर्ड, तिकीट काही दिसत नव्हतं. मला सासूबाईंचं नवल वाटत होतं. त्या अजिबात रडल्या नाहीत. आवाज ऐकला आणि तशाच बसून राहिल्या, जसं कोणी परका बोलतोय.

मग भाऊजी बोलायला उठले. माइकजवळ गेले, दोनदा खाकरले. पहिल्यांदा बारीक, मग मोठं. हे तसंच खाकरायचे. मग समोरच्या बायकांकडे वाकून म्हणाले, “बरं शे ना माय?”

हे प्रत्येक सभेची सुरुवात अशीच, बरं आहे ना विचारून, करायचे.

सासूबाईंनी मान वर केली. म्हणाल्या, “शे रे बेटा. तू जेवना का?”

अगदी रोजच्या आवाजात. कामावरून उशिरा आलेल्या पोराला विचारावं तसं. भाऊजींनी माइक बाजूला केला. क्षणभर वाटलं ते खाली उतरणार. पण त्यांनी डोळे मिटले आणि अहिराणीतच उत्तर दिलं, की जेवलो माय. मग भाषण सुरू झालं. ते काय बोलले ते मला आठवत नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते, खाली बघत होते, आणि खाली बघत ऐकलं तर हेच बोलत होते. वाक्य संपताना सोडून दिलेला तो श्वास, मध्येच गुजराती शब्द घालायची लकब, सगळं.

त्या संध्याकाळी वॉर्ड फिरला. मला कोणी सांगायची गरज पडली नाही. परतताना माझ्याबरोबर चालणाऱ्या बायका आपसांत बोलत होत्या, आणि माझ्याशी नव्हत्या बोलत. माझ्याकडे यांचं आडनाव होतं, घर होतं, फोटो होता. पण ज्याच्यासाठी त्या दार उघडायच्या, तो बोलत होता भाऊजींच्या तोंडून.

दोन दिवस मला झोप लागली नाही. मनात यायचं, भाऊजी मुद्दाम ठरवून करतायत. मेलेल्या माणसाची नक्कल करून मतं मागतायत. शेवटी मी सरळ त्यांच्या खात्यावर गेले. जेवणाची सुट्टी होती, संचे बंद होते. मी विचारलं, “तुम्ही असं का बोलता?”

कसं, असं त्यांनी विचारलं नाही. डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, “मला कळत नाही वहिनी. घरी पण होतं. बायको म्हणते, असं खाकरू नका, मला भीती वाटते.”

“मग थांबवा ना.”

“आधी मी कसा बोलायचो ते तुम्हाला आठवतं का?”

मी आठवायचा प्रयत्न केला. इतकी वर्षं हा माणूस माझ्या घरात जेवला, पण हे असताना हे बोलायचे आणि भाऊजी हसायचे. त्यांचं एक वाक्य मला आठवेना. मी परत आले.

सेन्सच्या दिवशी त्याच वाडीत मागच्या खोलीत निरीक्षक बसले होते. दोन पुरुष, एक बाई, तिघंही सौराष्ट्राकडचे. बाहेर बाकांवर आम्ही. आक्का आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. मी विचारलं, काय सांगितलं? त्यांनी यांचं नाव सांगितलं होतं. निरीक्षक म्हणाले, ते तर वारले ना? आक्का म्हणाल्या, हो, माहीत आहे, पण तुम्ही विचारलं कोण, म्हणून सांगितलं. नंतर कळलं की असं सांगणाऱ्या आक्का एकट्या नव्हत्या.

माझी पाळी आली. त्या बाईंनी मला पाणी दिलं आणि मिस्टरांच्या कामाविषयी सांगा म्हणाल्या. मी सांगायला तोंड उघडलं आणि निघालं दुसरंच. मी घरी साड्यांचं काम करणाऱ्या बायकांविषयी बोलू लागले. दिवसभर वाकून मानेचे मणके जातात, माल आणणारा टाके मोजून खोट काढतो, आमची नोंद कुठेच नाही, आजारी पडलं तर कामगार म्हणून कोणी धरत नाही. मोडकी हिंदी, मध्ये गुजराती. मी कधी इतकं बोलले नव्हते. त्या तिघांपैकी एकाने चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. यांचं नाव माझ्या मनातही नव्हतं.

तेवढ्यात दाराबाहेर कोणीतरी खाकरलं. आधी बारीक, मग मोठं.

माझं वाक्य तिथेच राहिलं. पुढचा शब्द येईना. निरीक्षक बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, कोणी नाही. त्यांनी माझ्याकडे थोडं विचित्र पाहिलं. मी पाणी प्यायले, जे राहिलं होतं ते कसंबसं पुरं केलं. शेवटी त्यांनी सगळ्यांना विचारायचा तो प्रश्न विचारला, “बेन, तमारा सिवाय बीजुं कोण?”

तुमच्याशिवाय दुसरं कोण. या प्रश्नाला इच्छुक माणसं कोणाचं नाव घेत नाहीत, असं मला आक्कांनी पढवून पाठवलं होतं. मी म्हटलं, “बाहेर जे खाकरले ते.”

दोघं पुरुष हसले. बाईंना वाटलं मी थट्टा करते, त्याही हसल्या. मी भाऊजींचं नाव सांगितलं तेव्हा त्या हसायच्या थांबल्या.

घरी चालत येताना मी मनात ते पुन्हा पुन्हा घोळवलं. वॉर्डातली माणसं इकडून तिकडे, तिकडून इकडे गेली म्हणून मी महिनाभर त्यांच्यावर रागावले होते, आणि शेवटी मीही त्यांच्याबरोबर निघून गेले. मी नाव घेतलं ते भाऊजींसाठी की यांच्यासाठी, ते तेव्हाही कळलं नाही. आजही कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

तिकीट भाऊजींना मिळालं. मी त्यांच्यासाठी फिरले, सगळ्या गल्ल्यांत, पुन्हा वहिनी म्हणून. ते आरामात निवडून आले. गुलाल लागलेल्या तोंडाने घरी आले, सासूबाईंजवळ बसले, त्यांच्याशी बराच वेळ बोलले. मी स्वयंपाकघरात कट्ट्याला टेकून ऐकत होते, चहा उतू गेला तरी.

नंतर त्यांचं येणं कमी झालं. कामं वाढली. सभा, झोन ऑफिस, अधिकारी, आणि तिथे सगळं गुजरातीत. एकदा मी आमच्या लेस लावणाऱ्या बायकांना घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. आम्हाला डोळे आणि मान तपासायला महिन्यातून एकदा डॉक्टर हवा होता. ते फोनवर होते, पाठ आमच्याकडे. न बघताच हात करून म्हणाले, “बेसो बेन, बेसो.” आवाज थोडा नाकातला, घाईचा, कुठल्याही माणसाचा असतो तसा. मला वाटलं दुसरंच कोणी बसलंय. मग ते वळले, आणि ते भाऊजीच होते. मला बघून गडबडीने उठले, खुर्ची पुढे केली, आमचं सगळं ऐकलं, तिथूनच आरोग्य खात्यात फोन लावला. पूर्ण वेळ त्यांच्या त्या आवाजात. मी वाट बघत होते. ते एकदाही खाकरले नाहीत.

डॉक्टरचं काम झालं. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी वाडीत येतात. त्या दिवशी ऑफिसातून निघाल्यावर बायका खूश होत्या, रिक्षा बघत होत्या. मी पायरीवर बसले. आक्कांनी विचारलं, चक्कर आली का? मी नाही म्हटलं. त्या जवळ बसल्या. समोर ताग्यांचा टेम्पो अडकला होता आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. मग रिक्षा आली, आणि आम्ही दाटीवाटीने बसून घरी आलो.