लूम थांबले तेव्हा मी ओरडत होते

माझा आवाज मोठा आहे, हे भिवंडीत राहून मला कधी कळलंच नाही. खाली नवऱ्याचे कापड विणणारे बारा लूम, दिवसभर धडधडणारे, वर आमचं घर, समोर दुसऱ्याचा कारखाना. इथे "मीठ दे गं" हेसुद्धा ओरडूनच सांगावं लागतं. कल्याणला नणंदेकडे गेलो की तिचे शेजारी डोकावून बघायचे, भांडण कसलं चाललंय म्हणून. अहो, आम्ही चहा हवा का ते विचारत होतो!

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मुलगी नववीत होती. कालपर्यंत माझा पदर न सोडणारी पोर एकदम आरशाला जाऊन चिकटली. काय करतेस? "काही नाही." कुठे चाललीस? "कुठे नाही." दिवाळी तोंडावर आलेली, आणि सहामाहीचा गणिताचा पेपर मला सापडला तो तिच्या दप्तराच्या तळाशी, चार घड्या घातलेला. शंभरात सतरा! माझं डोकंच फिरलं.

ती गॅलरीत केस विंचरत उभी होती. मी सुरू झाले. आरसा, केस, मैत्रिणी, टीव्ही, काही म्हणून सोडलं नाही. आणि शेवटी छातीत मावेल तेवढा श्वास भरून म्हटलं, "सतरा मार्क! गणितात सतरा! तुझ्यासारख्या ढ पोरीचं पुढे होणार तरी काय?"

नेमकी तेव्हाच लाइट गेली. त्या दिवसांत लोडशेडिंगला ना वेळ ना काळ. गल्लीतले सगळे लूम एकदम गप्प झाले. मी मात्र झाले नाही. पहिल्या सतरापासून पुढचं सगळं आख्ख्या गल्लीने ऐकलं.

खाली बिडी ओढायला बाहेर पडलेले कामगार वर बघायला लागले. त्यातल्या एकाने बिचाऱ्याने धीर दिला, "रोना नहीं बेटी, हमारे तो आठ आए थे." समोरची काकू तिच्या गॅलरीतून म्हणाली, "सतराच ना गं? आमच्याला तं सातच हायेत, तरी बघ कसा जेवतो!" पोरगी लालबुंद झाली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. राग मला कळतो, आमच्या घरात राग पोत्याने आहे. ही आदळआपट करती तर बरं झालं असतं. पण ही नुसती गप्प. "पप्पा, आईला सांगा, मला डबा नको." अगं, मी शेजारीच बसलेय! नवरा बिचारा आमच्या दोघींमधला पोस्टमन होऊन बसला.

चौथ्या दिवशी शाळेत पालकसभा होती. ठाण्याहून एक समुपदेशक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, या वयातल्या मुलांना टोचून बोलू नका, रोज त्यांची एक तरी चांगली गोष्ट तोंडावर सांगा. मी मनात म्हटलं, हात्तिच्या, त्यात काय! घरी येऊन बघते तर कौतुकाचं एक वाक्य तोंडात येईल तर शपथ. टोमणे कसे रांगेत उभे असतात! शेवटी म्हटलं, "पाणी किती छान प्यायलीस!" दुसऱ्या दिवशी, "चप्पल किती सरळ काढलीस गं!" ती काही माझ्याकडे बघेना. नवरा मात्र बघतच राहिला. "बीपीची गोळी घेतलीस ना?" म्हणाला.

हसण्यावारी नेत होते, पण खरं सांगते, आतून पार ढासळले होते. माझी एकुलती एक पोर माझ्याशी बोलत नव्हती.

अकराव्या दिवशी ठरवलं. चारचौघांत बोलले ना, मग चारचौघांतच माघार घ्यायची. लाइट गेली, लूम थांबले, की गॅलरीतून आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचं, "चुकलं माझं." रविवार होता. जेवण झाल्यावर ती गॅलरीच्या टोकाला पुस्तक घेऊन बसली. मी दुसऱ्या टोकाला तयारीत उभी. एक वाजला, दोन वाजले, अडीच झाले. मेली लाइट काही जाईना! शेवटी माझाच धीर सुटला. लूम धडाधड चालू असतानाच मी ओरडले, "चुकलं माझं!"

तिने मान वर केली. "काय?"

अकरा दिवसांनी पहिला शब्द! मला केवढा जोर चढला.

"चुकलं म्हटलं! तसं बोलायला नको होतं मी!"

"काय?"

"अगं, ढ तू नाहीस, ढ मी आहे! कळलं का?"

"काय?"

घसा पार बसला. आता कानातच ओरडावं म्हणून जवळ गेले, तर बाईसाहेब पुस्तकाआड हसतायत.

"पहिल्याच वेळी कळलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या ओठांवरून."

कारखान्याच्या डोक्यावर वाढलेली पोर ती. ओठ हलले की तिला सगळं कळतं, हे मीच विसरले होते.

"मग तीन-तीनदा 'काय?' कशाला म्हणत होतीस, शहाणे?"

"तू मला एक गोष्ट दहादा सांगतेस. मी तीनदाच ऐकून घेतली."

"थांब, लाइट जाऊ दे. सगळ्या गल्लीसमोर परत म्हणते."

"नको गं! त्यांना काय करायचंय? मला ऐकायचं होतं."

मला रडूच आलं. ती सरकली, मी शेजारी बसले. मग तिने गणिताचं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि एका पानावर बोट टेकवलं. "हे मला जूनपासून कळलेलं नाही."

"जूनपासून? मग तेव्हाच का नाही विचारलंस?" बसलेल्या घशानेही माझा आवाज चढलाच.

"आत्ता जशी ओरडलीस ना," ती म्हणाली, "म्हणून."