पाटीवरचं कुंकू

नोकरी साताऱ्यात आणि मोटार सांगली संस्थानात नोंदलेली, त्यामुळे दर वर्षी तपासणीला मला एवढ्या लांब सांगलीला यावं लागे. त्या वर्षी रांगेत माझ्यापुढे एक लॉरी होती, तीही साताऱ्याहून आलेली. ड्रायव्हर पलटणीतून सुटून आला असावा. अंगात अजून खाकी सदरा होता. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तो बॉनेटवरून हात फिरवत उभा होता.

तपासणीच्या साहेबांनी ब्रेक बघितले, हॉर्न ऐकला आणि ते नंबराच्या पाटीपाशी थांबले. पाटी कुंकवानं माखली होती. आकडे दिसतच नव्हते.

"पूस ते, नाहीतर गाडी परत ने."

"कारभारनीनं लावलंय, सायेब," तो हळूच म्हणाला. "तिचं कुंकू म्या माज्या हातानं कसं पुसू?"

साहेब कागद मिटून सावलीत जाऊन बसले. ऊन चढलं होतं आणि मी पहाटेपासून उपाशी. वैतागून मी खाली उतरलो, खिशातला रुमाल काढला. त्यानं पाठ फिरवली.

"पुसा तुमी. म्या बगितलं न्हाई."

त्याची लॉरी पास झाली, पाठोपाठ माझी मोटारही. परतीच्या वाटेवर लॉरी रखडतच चालली होती. मला सहज पुढं जाता आलं असतं. पण वळणाआड ती दिसेनाशी झाली की माझा जीव खालीवर होई. सातारा येईपर्यंत मी तिच्या मागंच धूळ खात राहिलो.