हाय स्पीडवर वाजलेलं अंतराळ

सांगतो, पण एका अटीवर. ऐकून झाल्यावर माझ्याकडे 'त्या' नजरेने बघायचं नाही. कोणत्या नजरेने ते शेवटी कळेल तुम्हाला. आमच्या सोसायटीतली सत्तर-ऐंशी माणसं एका संध्याकाळी माझ्याकडे तशी बघत होती, तेवढं मला आयुष्यभर पुरलंय.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा डोंबिवलीला, आई-बाबांबरोबर. एमआयडीसीच्या फेज टूमधल्या एका कारखान्यात टेक्निशियन होतो आणि माझं लग्न ठरत होतं. म्हणजे आमच्या बाजूने ठरलेलं, मुलीकडून उत्तर यायचं होतं.

मुलगी ठाण्याची, वर्तकनगरची. वैशाली नाव. बघायला गेलेलो तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच मला ती आवडली. उरलेला वेळ तिचे वडील बोलत होते. वैद्य सर, शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले, पण तास संपल्याची घंटा त्यांना अजून ऐकू आलेली नव्हती! त्यांनी मला अख्खी सूर्यमाला समजावली. टीपॉयवर मधोमध मोसंबं, तो सूर्य. शिऱ्यातले बेदाणे काढून मांडलेले, ते ग्रह. बुध झाला, शुक्र झाला, गुरूपर्यंत पोचेस्तोवर माझ्या बशीतला शिरा गार पडला. आणि शेवटी प्लूटोला एक बेदाणा कमी! सरांनी मोजून ठेवलेले. टीपॉयखाली वाकले, सोफा सरकवला, कुठेच नाही. तो बेदाणा कुठे गेला हे मला माहीत होतं, पण मी गप्प बसलो.

सर वाकलेले होते तेवढ्यात वैशालीने विचारलं, "तुम्हाला कशाची आवड आहे?"

आता सरळ सांगायचं की नाही, क्रिकेट, गरम भजी, रविवारची झोप! पण समोर ते ग्रह मांडलेले. तोंडातून निघून गेलं, "मी संगीत करतो. इलेक्ट्रॉनिक. अंतराळावर."

"स्वतः करता?" तिचे डोळे एवढे मोठे झाले. "मला ऐकायचंय!"

"ऐकवतो की. गणपतीत या आमच्याकडे."

झालं. आता करणं आलं!

माझ्याकडे होता एक छोटा कीबोर्ड, ज्यावर मला एका बोटाने आरतीची चाल वाजवता यायची, आणि एक डबल डेक टेपरेकॉर्डर. त्याला हाय स्पीड डबिंगचं बटण होतं. एका कॅसेटवरची गाणी दुसरीवर दुप्पट वेगात उतरवायची सोय. मी टेक्निशियन माणूस, गप्प बसतोय थोडाच! आतल्या दोन वायरी इकडच्या तिकडे केल्या. आता ते बटण दाबलं, की डेक नुसताही दुप्पट वेगात चालायचा. मग त्या वेगात माइकवरून रेकॉर्ड करायचं आणि साध्या वेगात वाजवायचं. कुठलाही आवाज निम्म्या वेगात असा काही घुमायचा, की वाटावं ब्रह्मांड जांभई देतंय.

मुलगी बघून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी, बाथरूमच्या खिडकीतून मी माइक डक्टमध्ये सोडला. डक्ट म्हणजे बिल्डिंगच्या मधली ती बोळकांडी, जिथे सगळ्यांचे पाइप असतात. पाइपांची गुडगुड मिळेल हा हेतू. बटण दाबलं आणि निवांत जेवायला बसलो.

रात्री साध्या वेगात लावून बघितलं आणि अंगावर काटा आला. खोल, घुमणारे हुंकार! मधूनच एखादा प्रचंड सुस्कारा! मी शेजारचा टेपरेकॉर्डर मागून आणला, या हुंकारांवर कीबोर्डची घूं घूं चढवली, आणि बारा मिनिटांची कॅसेट तयार केली. नाव दिलं, 'शनीपलीकडे'.

पहिला श्रोता आई. तिने दोन मिनिटं ऐकलं आणि उठून गॅस बघून आली. "कुकर लावलेला का रे मी?"

बाबांनी ऐकलं आणि लगबगीने बादल्या नळाखाली लावल्या. टाकीत पाणी चढतंय असं त्यांना वाटलं.

शेजारच्या कुलकर्णी काकू मात्र मन लावून ऐकत होत्या. म्हणाल्या, "चांगलंय हो. पण मला सारखं वाटतंय, यात कुणीतरी जेवतंय."

"जेवतंय?"

"हो ना. भुरके मारून."

मी किती हसलो असेन! यांना काय कळणार ब्रह्मांडातलं, असं मनातल्या मनात म्हणूनसुद्धा झालं माझं.

मग ऐकवलं दातार काकांना. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि गणपतीचे सर्वेसर्वा. त्यांनी डोळे मिटले, बारा मिनिटं मान डोलावली आणि शेवटी उच्छ्वास सोडून म्हणाले, "गहन आहे."

त्या एका शब्दाने मी हवेत गेलो. त्या वर्षी देखावा कसला करायचा यावर वाद चाललेला, काकांनी तिथल्या तिथे निकाल लावला. देखावा अंतराळाचा! थर्माकोलचे ग्रह, संगीत आमच्या अविनाशचं! म्हणजे माझं. वर मीच सुचवलं, प्रमुख पाहुणे म्हणून वर्तकनगरच्या वैद्य सरांना बोलवा. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला मी तो धोंडा स्वतः उचलून आणला बघा.

सर आले. बरोबर त्यांच्या मिसेस आणि वैशाली. आरती झाली, मला पहिल्या रांगेत त्यांच्या शेजारी बसवलं. माझा डेक स्टेजवर, थर्माकोलच्या शनीमागे लपवलेला. तिथे स्पीकरवाला म्हात्रे उभा. मी त्याला चार वेळा समजावलेलं, फक्त प्ले दाबायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही.

दातार काकांनी सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सरांना! त्यांनी हातात मोदक घेतला, म्हणाले, "हा सूर्य," आणि पाऊण तास गेला. साडेआठला पोरांचा फॅन्सी ड्रेस होता. विंगेत मिशा रंगवलेले तीन शिवाजी आणि एक भाजीवाली रडकुंडीला आलेली. दातार काका घामाघूम होऊन शनीमागे जाऊन म्हात्रेच्या कानात काहीतरी बोलले, ते मला दिसलं. ऐकू आलं नाही.

काय बोलले ते मला म्हात्रेने नंतर सांगितलं. "दातारशेट बोलले, टाइम नाय, बारा मिनटांचा काम सहा मिनटांत आटप. मंग मी तो हाय स्पीडचा बटन दाबला. आटपला ना काम!" आणि बटण दाबून पठ्ठ्या चहा प्यायला निघून गेला.

दिवे मंद झाले. वैशाली माझ्याकडे वळून हसली. त्या हसण्याखातर मी आणखी दहा ग्रहांना चाल लावली असती.

आणि स्पीकरमधून कीबोर्ड चिमण्यांसारखा टिवटिवायला लागला.

हे काय? मी सावरून बसलो. तेवढ्यात त्या टिवटिवाटामागून, मंडपातल्या चारही कर्ण्यांतून, स्वच्छ, खणखणीत आवाज आला.

भुर्रर्रर्र!

हा भुरका मी जन्मापासून ओळखत होतो. बाबांचा होता तो! पाठोपाठ बाबांचा आवाज, "आमटीत मीठ कमी आहे."

मग आईचा. "कालच्या त्या शिऱ्यापेक्षा बरी! चमचा उभा राहिला असता त्यात!"

रविवारी आम्ही जेवायला बसलेलो ते स्वयंपाकघरात. आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडते कुठे? डक्टमध्ये! बाथरूमच्या खिडकीला खेटून! निम्म्या वेगातलं माझं ब्रह्मांड आता दुप्पट वेगात वाजत होतं, म्हणजे जसं बोललो होतो अगदी तसं!

शिरा करणाऱ्या वैशालीच्या आईने पदर तोंडाला लावला. माझी आई तिसऱ्या रांगेत होती. तिने सरळ शेजारणीच्या पाठीमागे डोकं घातलं.

कर्ण्यांतून आता मी बोलत होतो.

"अगं आई, शिऱ्याचं काय घेऊन बसलीस! त्या म्हाताऱ्याने बेदाणे मांडून सूर्यमाला शिकवली मला! शेवटी मी हळूच प्लूटो खाऊन टाकला. म्हटलं, एकदाचं संपू दे!"

सर माझ्या शेजारी ताठ बसलेले. त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. मी उठलो आणि स्टेजकडे धावलो. पण टेप थोडीच थांबतेय!

बाबा विचारत होते, "आणि ते संगीताचं काय फेकलंस तिथे?"

"त्यात काय! घूं घूं करायचं नुसतं. कुणाला काय कळतंय? डोळे मिटून ऐकतील आणि म्हणतील, गहन आहे!"

अख्ख्या मंडपाने दातार काकांकडे बघितलं. काकांच्या चेहऱ्याचा रंग देखाव्यातल्या मंगळासारखा झालेला.

"दातारांना ऐकव आधी," टेपमधली आई म्हणाली. "ते कशालाही मान डोलावतात."

शनीला वळसा घालायला वेळ कुठला! मी सरळ त्याच्यातून आरपार गेलो. घाईत हात पडला तो व्हॉल्यूमवर, आणि आईचं पुढचं वाक्य बहुधा कल्याणपर्यंत गेलं. "मला नाही वाटत रे त्यांच्याकडून होकार येईल असं."

"आई, बाकी सगळं जाऊ दे गं," कर्ण्यातला मी म्हणालो, "पण पोरगी मात्र…"

खटकन स्टॉप!

तुम्ही कधी ऐंशी माणसांची शांतता ऐकलीय? मी ऐकलीय. शनीचं कडं माझ्या गळ्यात अडकलेलं, केसांत थर्माकोलचे गोळे, आणि समोर ती नजर. तीच, जिच्याबद्दल सुरुवातीला बोललो. कुणी हसत नव्हतं हो! हसले असते तर बरं वाटलं असतं. सगळ्यांनी नुसता आ वासलेला.

वैद्य सर उठून उभे राहिले. पायऱ्या चढून माझ्यासमोर आले.

"म्हणजे प्लूटो तुम्ही खाल्लात?"

"हो सर."

"मी सोफा सरकवला होता त्या दिवशी. आठ दिवस कंबर धरली होती माझी."

एवढंच बोलून ते खाली उतरले आणि तिघंही निघून गेले. वैशालीने जाताना एकदा मागे वळून बघितलं, पण चेहऱ्यावरून काही कळेना. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू? गळ्यातलं कडंसुद्धा काढायचं सुचलं नाही.

विसर्जन झालं. सोसायटीत माझ्याशी कुणी बोलेना. आई घरात दार लावून बसली, कुलकर्णी काकू तेवढ्या रोज जिन्यात अडवून म्हणायच्या, "मी म्हटलं नव्हतं, कुणीतरी जेवतंय?"

आणि एका संध्याकाळी दातार काकांनी गॅलरीतून हाक मारली. बिल्डिंगमध्ये फोन तेवढा त्यांच्याकडे. "अहो प्लूटो! फोन आहे तुमचा!"

फोनवर वैशाली.

"बाबांचा होकार आहे," ती म्हणाली. "ते म्हणतात, मुलाने चूक लगेच कबूल केली, शाळेत असली पोरं फार थोडी भेटली."

"आणि तुमचा?" मी विचारलं.

"माझा अजून नाही. तुम्ही 'पोरगी मात्र' म्हणालात आणि बटण दाबलंत. पुढे काय होतं ते ऐकल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. टेपरेकॉर्डर घेऊन या रविवारी."

मला तर आकाश ठेंगणं झालं! पोरगी मात्र काय? पोरगी मात्र लाखात एक आहे, पोरगी मात्र मनात बसलीय, असलंच काहीतरी म्हणालो असणार ना मी? इतकी खात्री होती, की घरी एकदा लावून बघायचंही सुचलं नाही. बघा, इतकं होऊनसुद्धा!

रविवारी डेक पिशवीत घालून वर्तकनगर गाठलं. सर, त्यांच्या मिसेस आणि वैशाली रांगेत बसलेले. टीपॉयवर या खेपेला बिस्किटं, बेदाण्याचं नाव नाही. मी हाय स्पीडचं बटण दाबलं. चिमण्या टिवटिवल्या, भुरका झाला, शिरा झाला, प्लूटो झाला. वैशाली पुढे सरकली.

"पण पोरगी मात्र…"

भुर्रर्रर्र!

"…अगं आई, तो भात वाढ ना आधी. आणि बटाट्याची भाजी उरलीय का?"

त्यानंतर भाजीवर सविस्तर चर्चा. पोरगी परत आलीच नाही.

मी पिशवी उचलणार, एवढ्यात वैशाली हसायला लागली. सोफ्यावर आडवी होऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग सर हसले, मग शिरावाल्या आई. त्या हसण्यातच कधीतरी ती हो म्हणाली. नक्की कधी ते मला कळलंही नाही.

लग्नाला आता कितीतरी वर्षं झाली. पण अजूनही जेवताना मी ताट पुढे केलं, की ही भाताचा डाव हवेतच धरते आणि विचारते, "पोरगी मात्र काय?"

उत्तर दिल्याशिवाय भात मिळत नाही. मी रोज काहीतरी नवीन, गोड रचून सांगतो. ती डोळे मिटते, मान डोलावते आणि म्हणते, "गहन आहे."