छोट्या यारीवरची पाटी

ओझी उचलायची ती यारी मुकादमाने उलटवली नव्हती, ती मी उलटवली. पंचनाम्यात हे लिहिण्याचे धाडस मला झाले नाही. म्हणूनच तो दिवस अजून पाठ सोडत नाही.

महाराजांच्या कारकिर्दीत मी कोल्हापुरात फौजदार होतो. स्टेशनच्या मालधक्क्यावर पंचवीस हात लांबीची सागवानी तुळई उतरली होती आणि रस्त्यात आडवी पडली होती. दुपारी महाराजांची स्वारी तिथून जाणार, बंदोबस्त माझा. जीव टांगणीला लागला होता.

ओझी उचलायला लांब दांड्याच्या दोन याऱ्या होत्या. छोटी जवळच उभी होती, मोठी पलीकडच्या टोकाला.

"फौजदारसाब, मोठी येऊ द्या. तासभर लागंल," हमालांचा मुकादम म्हणाला.

"छोटीच्या पाटीवर तीस मण लिहिलंय. तुळई वीस मणांची. उचला!"

"वजन न्हाय, लांबी बघा की!"

लांब माल वीतभर उचलून थांबायचे, यारी कलत नाही ना ते बघायचे, ही त्यांची रीत. तेवढेही मी थांबू दिले नाही. यारी पुढे कलंडली आणि एका हमालाचा पाय तुळईखाली चिरडला.

संध्याकाळी ठेकेदाराचा कारकून ठाण्यात खबर घेऊन आला. मुकादमाचे त्या हमालाशी वाकडे होते, यारी जागेवर धरून ठेवणारी खुंटी मुकादमानेच ढिली केली, असे कारकुनाने सांगितले. मी ती खबर पडताळली नाही. मला ती हवीच होती. मुकादम कोठडीत गेला.

तीन दिवस मी एकच प्रश्न विचारत होतो. "खुंटी कुणी ढिली केली?"

"जाग्यावरच हाय. जाऊन बघा."

बघायला गेलो नाही. भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी हवालदार पाण्याची कळशी घेऊन आला. मुकादम म्हणाला, "साब, ही काठीला अडकवून उचला. आधी मुठीजवळ, मग टोकाला."

"मुकादम, फौजदारसाहेबांस्नी पाणक्या केलंसा की!" हवालदार हसला.

मुठीजवळ अडकवून कळशी मी सहज उचलली. टोकाला सरकवताच काठी खाली गेली, पाणी माझ्या बुटांवर सांडले.

"कळशी तीच हाय न्हवं?" मुकादम म्हणाला. "लांब तुळई यारीच्या अंगाला घासती, म्हणून दांडा लांब झुकवाय लागतो. पाटीवरचं वजन दांडा उभा असतानाचं."

मी तडक धक्क्यावर गेलो. खुंटी जागेवरच होती, जुन्या गंजाने घट्ट बसलेली. कारकुनाला पुन्हा विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, तुमचं नाव कसं घेणार? म्हणून मुकादमाचं घेतलं."

मुकादमाला त्याच दिवशी सोडले. सोयीची खबर दोनदा पडताळावी, हे मी त्या दिवशी शिकलो. पण खरी जबानी, माझी स्वतःची, वरिष्ठांपुढे ठेवायला मला चार महिने लागले. ती दिल्यावर मी मालधक्क्यावर गेलो. हमाल गोळा झाले. पाय गेलेला तो हमालही कुबडीवर उभा होता. अंगावरचा फौजदारीचा डगला मी काढून हातात घेतला.

"मुकादम, यारी मी निवडली. थांबू नका, असं मीच ओरडलो. याचा पाय माझ्यामुळं गेला आणि कोठडी तुम्ही भोगलीत. दोघांनी मला माफ करा."